घराचे क्षेत्रफळ आणि घरातील हक्क

पावसाळ्यात किंवा थंडीच्या दिवसांत कोकणातील एखाद्या मुस्लिम मोहल्ल्यातून जाण्याचा योग आला, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुमजली बंगले उभे आहेत. दर्शनी भिंतीवर संगमरवरात "माशाअल्लाह" कोरलेले आहे, गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या लोखंडी सळया गंजत आहेत आणि फाटकाला कुलूप आहे. घरची मंडळी कुणी कुवेतला, कुणी दुबईला, कुणी मुंब्र्याला, कुणी पुण्याला. किल्ली शेजारच्या घरी ठेवलेली असते. मे महिन्यात, ईदेला किंवा एखाद्या निकाहाच्या निमित्ताने दारे उघडतात, पंधरा दिवस दिवे लागतात आणि पुन्हा कुलूप.

याच बंगल्यांच्या ओटीवर, सुटीच्या त्या पंधरा दिवसांत, एक संवाद घरोघरी घडतो. वडील म्हणतात, "तीस वर्षे परमुलखात उन्हात राबलो, ते या घरासाठी. आणि तू म्हणतोस, विकून टाका?" मुलगा म्हणतो, "अब्बा, इथे राहणार कोण? मला नोकरीच्या गावी दोन खोल्या हव्या आहेत. त्यासाठी तुम्ही पैसे देत नाही आणि बँकेकडून घेऊ म्हटले तर व्याज हराम आहे म्हणता. मग मी करू तरी काय?" आजी जवळच बसलेली असते. तिला दोघांचेही म्हणणे नवलाचे वाटते, कारण तिने सात मुले एकाच माजघरात वाढविली.

हा वाद केवळ पैशाचा आहे असे समजून आपण तो सोडून देतो. वस्तुतः यात दीनचे अनेक प्रश्न गुंतलेले आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठा प्रश्न, माझ्या मते, बाप किंवा लेक दोघांच्याही तोंडी येत नाही. त्याकडे मी शेवटी येईन. आधी तिन्ही पिढ्यांची बाजू न्यायाने समजून घेऊ.

पहिल्या पिढीचे घर जांभ्या दगडाचे, कौलारू. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे न्हाणी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले शाकारायची. कमावते पुरुष मुंबईत. पुष्कळ जण आगबोटींवर खलाशी. मुंबईत त्यांना घर नव्हतेच. गावच्या जमातीची एखादी खोली असे, तीत दहा-पंधरा माणसे आळीपाळीने झोपत. ज्यांनी कुटुंब नेले ते डोंगरी, भेंडीबाजार परिसरातील पागडीच्या खोल्यांत राहिले. त्या काळी शहरातील घराचा आकार किती असावा हा प्रश्नच नव्हता. मुंबईतील बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची, आणि तेवढ्यात आठ-आठ माणसांचा संसार होत असे. घर म्हणजे मुख्यतः छप्पर, आणि त्याखालची माणसे.

दुसरी पिढी १९७० नंतरची. १९७३ साली तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामे निघाली आणि कोकणातील तरुण मोठ्या संख्येने तिकडे गेला. तो तिथे एका खोलीत सहा जणांत, दोन मजली खाटेवर झोपला. दोन-दोन वर्षे त्याने आपल्या मुलांचे तोंड पाहिले नाही. या माणसाने गावी मोठे घर बांधले, याचे आश्चर्य वाटू नये. ज्याला तरुणपणी पाय पसरायला जागा मिळाली नाही, त्याने स्वप्नात पाच खोल्या पाहिल्या. त्या बंगल्यात दिखावा असेलही. पण त्यात विरहाची भरपाईही आहे. हे न ओळखता वडिलांना "उधळे" म्हणणे अन्यायाचे होईल.

तिसरी पिढी शिकली. तिला गावात काम नाही. शहरात भाडे भरता भरता पगार संपतो, घरमालक अकरा महिन्यांनी भाडे वाढवितो आणि मुस्लिम नाव ऐकल्यावर पुष्कळदा घर नाकारलेही जाते. त्यात सोयरिकीच्या बोलणीत पहिला प्रश्न येतो : "मुलाचे स्वतःचे घर आहे का?" हा प्रश्न विचारणारे बहुधा दुसऱ्या पिढीतीलच असतात, ज्यांचा स्वतःचा निकाह झाला तेव्हा त्यांच्या नावावर एक खाटही नव्हती. तरुण पिढी भौतिकवादी झाली म्हणून हळहळण्यापूर्वी आपण हा प्रश्न विचारणे थांबवावे. भाड्याच्या घरात संसार थाटण्यात शरीअतच्या दृष्टीने कोणताही कमीपणा नाही. घरासाठी निकाह तिशीपलीकडे लांबविण्यात मात्र मोठे धोके आहेत.

आता पवित्र कुरआनकडे वळू. सूरह अन्-नहल (१६:८०) मध्ये अल्लाहने आपल्या कृपांची गणना करताना घराचा उल्लेख केला आहे, आणि घराला जो शब्द योजला आहे तो "सकन" होय. ज्या धातूपासून सुकून व सकीना हे शब्द आले, त्याच धातूचा हा शब्द. जिथे हालचाल थांबते, धास्ती निवते, ते घर. त्याच आयतीत कातड्याच्या तंबूंचाही उल्लेख आहे, जे प्रवासात व मुक्कामात हलके वाटतात. म्हणजे स्थिर भिंती आणि उचलून नेता येणारा तंबू, दोन्ही अल्लाहच्या देणग्या. मालकीचे घर आणि फिरते घर यांत येथे प्रतिष्ठेचा भेद केलेला नाही.

घराच्या आकाराविषयी बोलताना आपल्याकडे एक चूक होते. साधेपणा म्हणजे कोंदटपणा असे आपण समजतो. सूरह अन्-नूर (२४:५८) मध्ये आज्ञा आहे की, फज्रपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशाच्या नमाजनंतर घरातील लहान मुलांनी व सेवकांनीही परवानगी घेतल्याशिवाय आत येऊ नये. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात, मुले दहा वर्षांची झाली की त्यांची अंथरुणे वेगळी करण्याचा आदेश आहे. पत्नीला पतीकडून निवाऱ्याचा हक्क आहे आणि तो सासरच्या इतर मंडळींची ये-जा नसलेल्या, तिच्या स्वतःच्या जागेचा आहे. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई मसलकाचे आहेत त्याच्या विद्वानांनी आणि हनफी विद्वानांनीही हे स्पष्ट केले आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या, तर नवविवाहित सून जेव्हा दाराला कडी असलेली खोली मागते तेव्हा ती शहरी खूळ मागत नसून शरीअतने दिलेला हक्क मागत असते, हे ध्यानी येईल. आजीने एका माजघरात संसार केला तो सब्र होता आणि अल्लाह तिला त्याचे फळ देवो. पण एका पिढीचा सब्र दुसऱ्या पिढीवर कायदा म्हणून लादता येत नाही.

इब्ने हिब्बान यांनी नोंदविलेल्या हदीसमध्ये माणसाच्या सौभाग्याच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : सदाचारी पत्नी, ऐसपैस घर, चांगला शेजारी आणि सुखावह वाहन. ऐसपैस घर हे सौभाग्य आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच सांगितले असता आपण त्याला दोष का द्यावा? तेव्हा ज्याला हलालच्या कमाईतून मोठे घर बांधता येते, त्याने बांधावे.

परंतु ज्यांनी हे सांगितले त्यांचे स्वतःचे घर कसे होते, तेही पाहावे. प्रेषितांच्या पत्नींचे हुजरे कच्च्या विटांचे व खजुरीच्या झावळ्यांचे होते. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की, रात्री प्रेषित (स.) नमाज पढत तेव्हा त्या समोर निजलेल्या असत, सजद्याच्या वेळी ते त्यांच्या पायाला स्पर्श करीत, त्या पाय आखडून घेत, तेव्हा सजद्याला जागा होई. घरात त्या काळी दिवाही नसे. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत हसन बसरी हे मुलगा असताना त्या हुजऱ्यांत जात आणि हात वर केला की त्यांचा हात छताला लागे. खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक यांच्या काळात मस्जिदे नबवीच्या विस्तारासाठी हे हुजरे पाडले गेले तेव्हा मदीनेत लोक रडले. सईद बिन मुसय्यब यांनी खेद व्यक्त केला की, हे तसेच ठेवले असते तर पुढच्या पिढ्यांना दिसले असते की अल्लाहचे प्रेषित किती थोडक्यात राहिले. पुढच्या पिढीने काय पाहावे याची काळजी त्या थोर ताबईंना वाटली. आपण आपल्या मुलांना काय दाखवितो? गच्चीवरच्या सळया दाखवितो, आणि मुलगा तीस मजली इमारतीची जाहिरात दाखवितो तेव्हा त्याच्यावर रागावतो.

मोठे घर आणि गर्वाचे घर यांतील सीमारेषा कोठे आहे? अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत अनस (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. प्रेषित (स.) यांनी वाटेत एक उंच घुमट पाहिला आणि तो कोणाचा असे विचारले. एका अन्सारीचे नाव सांगण्यात आले. ते काही बोलले नाहीत. पुढे तो अन्सारी सभेत आला, त्याने सलाम केला, तर प्रेषितांनी मुख फिरविले. असे अनेकदा झाले. त्याने सोबत्यांकडे चौकशी केली, कारण कळले, आणि त्याने जाऊन तो घुमट जमीनदोस्त केला. त्याने प्रेषितांना येऊन सांगितलेही नाही. एके दिवशी ते तिकडून गेले, घुमट दिसला नाही, तेव्हा विचारल्यावर हकीकत कळली. त्या वेळी त्यांनी सांगितले की, प्रत्येक बांधकाम त्याच्या मालकावर ओझे आहे, जे गरजेचे आहे ते सोडून. येथे त्या माणसाची खोली किंवा भिंत आक्षेपार्ह ठरली नाही. ज्याचा राहण्याशी संबंध नव्हता, जे केवळ इतरांनी पाहावे म्हणून होते, ते आक्षेपार्ह ठरले. आपल्या बंगल्यातील कोणता भाग घुमट आहे, हे ज्याचे त्याने ओळखावे. घरात राहणारे दोन आणि खोल्या अकरा, याला मी घुमट म्हणतो. ज्या शहरात पगार पन्नास हजार आहे तेथे केवळ मित्राने घेतला म्हणून तीन खोल्यांच्या फ्लॅटसाठी कर्जाचा अर्ज करणे, हाही घुमटच.

कर्जाचा विषय निघाला आहे, तर तो आकड्यांनी समजून घेऊ. समजा, एका तरुणाने ३० लाख रुपये वीस वर्षांसाठी ९ टक्के व्याजाने घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे २७ हजार रुपये येईल. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील साडेबावीस हजार रुपये निव्वळ व्याजाचे असतील. मुद्दलातून जेमतेम साडेचार हजार कमी होतील. वीस वर्षांत तो सुमारे ६४ लाख ७८ हजार रुपये फेडेल, म्हणजे एका घराच्या कर्जात दोन घरांहून अधिक रक्कम. सूरह अल्-बकरामधील व्याजाविषयीच्या आयती (२:२७५ ते २८१) सर्वांना ठाऊक आहेत. मुस्लिम शरीफमधील हदीसनुसार व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा व साक्षीदार हे सर्व या पापात सारखेच भागीदार आहेत. युरोपातील काही विद्वानांनी १९९९ साली तेथील मुस्लिमांची निकड पाहून, एकमेव राहत्या घरापुरती, अटींसह सवलत दिली होती. बहुसंख्य विद्वानांना ती मान्य झाली नाही. ज्याची खरोखरच इज्तिरारची, म्हणजे निरुपायाची अवस्था आहे, त्याने आपली संपूर्ण परिस्थिती विश्वासू मुफ्तींपुढे मांडावी. मित्राला मिळालेला फतवा आपल्याला लागू करून घेऊ नये.

पण एवढे सांगून थांबणे हे अर्धेच काम आहे आणि तरुणांची तक्रार नेमकी हीच आहे. आपण त्यांना दार बंद आहे एवढे सांगतो, दुसरे दार दाखवीत नाही. आपल्या देशात इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घेतला, तेव्हा त्या मार्गाने तूर्त फारशी आशा नाही. जे मार्ग उरतात ते घर आणि जमात यांच्या हाती आहेत. बिल्डरशी ठरलेल्या एकाच किमतीत, बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्ते देणे जायज आहे. मात्र करारातील उशिराच्या व्याजाचे कलम आधी वाचावे. साधी भिशी, जिच्यात प्रत्येकाला पाळीने पूर्ण रक्कम मिळते, ती परस्परांना दिलेले कर्जच आहे व जायज आहे. लिलावाची भिशी, जिच्यात गरजू माणूस कमी रक्कम घेऊन उचल करतो आणि उरलेली इतरांत वाटली जाते, तिच्यात व्याज शिरते. आपल्या बायकांच्या भिशीत हा फरक फार थोड्यांना ठाऊक असतो. आणि सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे वडिलांनी मुलाला करजे हसना देणे. गावी पंचवीस लाखांचा वरचा मजला चढविणारा बाप मुलाला म्हणतो की व्याज हराम आहे. त्याचे म्हणणे खरे आहे. पण त्या मजल्याचे पैसे मुलाला बिनव्याजी दिले असते तर त्या सत्याला वजन आले असते. मात्र दिले तर लिहून द्यावे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा असलेली आयत (२:२८२) ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे, आणि बाप-लेकांना तिच्यातून वगळलेले नाही. न लिहिलेले कर्ज बापाच्या पश्चात इतर भावंडांच्या नजरेत देणगी ठरते किंवा चोरी.

येथे मला हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांची हकीकत आठवते. ती सहीह बुखारीत त्यांचे पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडून विस्ताराने आली आहे, आणि घर, कर्ज व दोन पिढ्या यांविषयी याहून बोधक हकीकत मला ठाऊक नाही. हिजरी ३६ मध्ये, जमलच्या युद्धाच्या दिवशी, जुबैर (रजि.) यांनी मुलाला जवळ बोलावले. आपण आज मारले जाऊ असे त्यांना वाटत होते आणि त्यांची सर्वांत मोठी चिंता कर्जाची होती. लोक त्यांच्याकडे ठेव ठेवायला येत, तेव्हा ते म्हणत की ठेव नको, कर्ज म्हणून ठेवा. कारण ठेव हरवली तर मालकाचे नुकसान, कर्ज मात्र काहीही झाले तरी फेडावेच लागते. हिशेब केला तेव्हा हे कर्ज २२ लाख निघाले. घरात रोख दिनार किंवा दिरहम नव्हते. मालमत्ता होती ती गाबा येथील जमीन, मदीनेतील अकरा घरे, बसरा येथील दोन, कूफा येथील एक आणि मिसरमधील एक. पंधरा घरे आणि रोकड शून्य! आजच्या भाषेत बोलायचे तर श्रीमंत, पण हाती पैसा नाही.

मुलाने काय केले? गाबाची जमीन, जी वडिलांनी १ लाख ७० हजारांना घेतली होती, ती तुकड्यातुकड्याने १६ लाखांना विकली आणि कर्ज फेडले. मग भावंडे म्हणाली, आता आमचा वारसा वाटून दे. अब्दुल्लाह (रजि.) यांनी नकार दिला. सलग चार वर्षे हजच्या मोसमात ते पुकारा करीत राहिले की, ज्याचे जुबैर यांच्याकडे येणे असेल त्याने यावे, आम्ही फेडू. चार वर्षांनी वाटणी झाली. वसीयतीचा एक तृतीयांश बाजूला काढला गेला आणि चार विधवांना प्रत्येकी १२ लाख मिळाले. वडिलांची जमीन "बापजाद्यांची आठवण" म्हणून त्यांनी कवटाळली नाही, आणि आपला वाटा घेण्याची घाईही केली नाही. आधी लोकांचा हक्क, मग वारसांचा. आणि वारसांत स्त्रियांचा वाटा मोजून, आकड्यासकट हदीसग्रंथात नोंदलेला.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो ओटीवरच्या वादात कोणी काढत नाही. बाप म्हणतो घर माझे, लेक म्हणतो घर मला द्या. त्या घरात बहिणींचे काय? बापाच्या बहिणींचे आणि लेकाच्या बहिणींचे?

एक साधे उदाहरण घ्या. एक माणूस वारला. त्याचे आईवडील आधीच निवर्तले आहेत. मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली. पवित्र कुरआनच्या सूरह अन्-निसा (४:११-१२) नुसार पत्नीला एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशांत मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे घराचे आठ भाग करा : पत्नीला एक, प्रत्येक मुलीला एक, प्रत्येक मुलाला दोन. घर ४० लाखांचे असेल तर पत्नीला ५ लाख, तिन्ही मुलींना ५-५ लाख, मुलांना १०-१० लाख. लहान मुलालाही समजेल असा हिशेब. तरी किती घरांत हा झाला आहे? मालमत्ता थोडी असो वा फार, स्त्रियांचा वाटा ठरलेला आहे, असे याच सूरहच्या सातव्या आयतीत सांगितले आहे. तेव्हा "दोन खोल्यांचे घर, त्यात वाटणी काय करायची" ही सबब उरत नाही. क्षेत्रफळ लहान आहे म्हणून हक्क लहान होत नाही.

व्यवहारात काय होते? बहिणींना तालुक्याला नेले जाते, हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात, येताना हॉटेलात जेवण दिले जाते. त्या सही करतात, कारण न केल्यास माहेर तुटेल ही धास्ती असते. अशा लाजेच्या सहीला खुशीची संमती म्हणता येत नाही, आणि सूरह अन्-निसामध्येच (४:२९) एकमेकांचे धन खुशीच्या संमतीवाचून खाण्यास मनाई आहे. ज्या पिढीने बँकेच्या व्याजापासून आयुष्यभर स्वतःला वाचविले, त्याच पिढीतील पुष्कळ जण बहिणीच्या वाट्यावर उभ्या असलेल्या घरात नमाज पढत आले आहेत. मी हे परक्यांविषयी लिहीत नाही.

माझे आजोबा वारले तेव्हा मागे आजी, दोन मुलगे आणि तीन मुली असाच परिवार होता. माझ्या वडिलांनी व चुलत्यांनी घर आपल्या नावे करून घेतले. तिन्ही आत्यांनी सह्या दिल्या. पुढे वडील परदेशी गेले, कौले उतरली, स्लॅब पडला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वरचा मजला चढविण्याचे ठरविले आणि मी तो पैसा माझ्या शहरातील घरासाठी मागितला. तोच वाद, तीच ओटी. प्रकरण गावच्या मौलाना साहेबांकडे गेले. त्यांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि विचारले, "जागा कोणाची आहे?" आम्ही दोघेही गप्प झालो.

त्यांनी हिशेब करून दिला. आजीही आता हयात नाही, म्हणून तिचा अष्टमांश पुन्हा तिच्या मुलांत त्याच प्रमाणात वाटला गेला. तिचे आईवडील तिच्या आधीच गेले होते. दोन्ही मृत्यूंचा हिशेब एकत्र केल्यावर प्रत्येक आत्येचा वाटा सरळ एक सप्तमांश निघाला. नवे बांधकाम वडिलांच्या कमाईचे, म्हणून ते वजा करून मूळ जागा व जुने घर यांचीच किंमत धरली, आणि तीही आजच्या भावाने. कारण वाटा रकमेत नव्हता, जागेत होता आणि तो कधी दिलाच गेला नव्हता. थोरली आत्या वारली आहे, तिचा वाटा तिच्या वारसांना. रक्कम एकदम देणे शक्य नव्हते, म्हणून तीन वर्षांचे हप्ते आत्यांच्या संमतीने लिहून ठरविले.

सर्व नातेवाईक सांगत होते की धाकटी आत्या पैसे घेणारच नाही, तिला माहेरचे प्रेम पुरे आहे. मौलाना साहेब म्हणाले, आधी तिच्या हातात ठेवा; मग ती परत देते की ठेवते हा तिचा अधिकार. वडील आणि मी तिच्या घरी गेलो. ती सत्तरीची आहे, मुलाकडे एका खोलीत राहते. वडिलांनी पाकीट पुढे केले आणि कशाचे आहे ते सांगितले. तिने ते घेतले, मोजले, उशीखाली ठेवले आणि आम्हाला चहा केला. परत देण्याचा विषय तिने काढला नाही. जाताना तिने फक्त पुढचा हप्ता कधी, ते विचारून घेतले. वाटेत वडील बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिला गरज होती, आणि आपल्याला इतकी वर्षे ठाऊक नव्हते."

बंद घरांच्या जकातीविषयीही वाचक नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात. राहण्यासाठी बांधलेल्या घरावर, ते वर्षभर कुलूपबंद असले तरी, जकात नाही. भाड्याने दिले तर येणारे भाडे शिल्लक राहून निसाबात मोजले जाईल. परंतु भाव वाढल्यावर विकायचे याच हेतूने फ्लॅट घेतला असेल, तर तो व्यापाराचा माल ठरतो आणि दरवर्षी बाजारभावावर अडीच टक्के जकात येते. ५० लाखांच्या फ्लॅटवर सव्वा लाख रुपये. गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन ठेवणाऱ्या तरुणांनी हा हिशेब आधी करावा. आणि ज्यांचे घर गावी रिकामे आहे त्यांनी मोहल्ल्यात भाडे न परवडणारे एखादे कुटुंब, एखादी विधवा आहे का, ते पाहावे. मोजक्या भाड्याने किंवा अमानत म्हणून घर दिले तर कौले आणि भिंतीही टिकतात. पावसाळ्यात माणसांवाचून घर लवकर कुजते, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

आमच्या घरी दोन हप्ते देऊन झाले आहेत, तिसरा येत्या शाबान महिन्यात द्यायचा आहे. मी शहरात अजून भाड्यानेच राहतो. वडिलांचा वरचा मजला झालेला नाही. सळया तशाच उभ्या आहेत, आणि या मे महिन्यात त्यांनी त्यांना गंज लागू नये म्हणून रंग लावून घेतला.